पायथनमध्ये मधली ओळ बदलायची कशी: सीक, टेल आणि बाइटांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. भाजीच्या भावांची छोटी फाइल आहे, एकेका ओळीत नाव आणि भाव: ‘वांगी 40’, ‘बटाटे 30’, ‘कांदे 25’. पायथनमध्ये ती ‘आर+’ (वाचन आणि लेखन दोन्ही) मोडने उघडली, रीडलाइनने पहिली ओळ वाचली आणि लगेच राइट केले. नवा मजकूर दुसऱ्या ओळीच्या जागी बसेल असे वाटले होते. तो जाऊन बसला फाइलीच्या अगदी शेवटी. मग सीक (फाइलीतली जागा दाखवणारा पॉइंटर हवा तिथे नेणारे फंक्शन) वापरून पाहिले, तर कधी युनिकोडडिकोडएरर येते, कधी दोन ओळी एकमेकींना चिकटतात. मधली ओळ नेमकी बदलायची कशी?

(फंक्शनांची आणि मोडची नावे, आकडे इथे देवनागरीत आहेत. कोडमध्ये अर्थातच रोमन टाइप करावे.)

आधी कामाचे: फाइलीत मागेपुढे सरकायचे असेल तर ती बायनरी मोडने, म्हणजे ‘आरबी+’ने उघडा. मजकूर वाचल्यावर डिकोड करा (बाइटांची अक्षरे), लिहिण्याआधी एन्कोड करा (अक्षरांचे बाइट), दोन्हीकडे ‘युटीएफ-८’ हे नाव स्पष्ट द्या. वर सांगितलेल्या तक्रारींपैकी दोन एवढ्यानेच सुटतात. तिसरी, ओळी चिकटण्याची, मात्र मोड बदलून सुटत नाही. तिथे हिशेबच करावा लागतो.

नवी ओळ शेवटी का गेली ते पाहू. टेक्स्ट मोडमध्ये तुम्ही आणि डिस्क यांच्यामध्ये तीन थर असतात. सर्वांत खाली ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्याकडे त्या फाइलीचा खरा पॉइंटर. त्यावर पायथनचा बफर, म्हणजे बाइट तात्पुरते साठवणारी जागा. त्याच्याही वर बाइटांची अक्षरे करणारा टेक्स्ट थर. रीडलाइन एक ओळ मागते तेव्हा टेक्स्ट थर खालून एक ओळ आणत नाही; तो साधारण ८१९२ बाइटांचा तुकडा एकदम उचलतो, त्यातली पहिली ओळ तुम्हाला देतो आणि उरलेले स्वतःजवळ ठेवतो. तुमच्या लेखी पॉइंटर पहिल्या ओळीनंतर आहे. खालच्या थराच्या लेखी तो तुकड्याच्या शेवटी पोचलाय. फाइल छोटी असेल तर तुकड्याचा शेवट म्हणजेच फाइलीचा शेवट. त्या क्षणी राइट केले की टेक्स्ट थर जवळचे उरलेले वाचन टाकून देतो आणि खालचा थर जिथे उभा आहे तिथे लिहितो.

छोट्या फाइलीत हे निदान लगेच दिसते तरी. ८१९२ बाइटांपेक्षा मोठ्या फाइलीत तोच कोड मधल्याच कुठल्यातरी ओळीवर लिहितो, एरर येत नाही, आणि नुकसान महिन्याभराने कोणीतरी बेरीज जुळवायला बसल्यावर कळते. टेक्स्ट मोड सोडायचाच नसेल तर वाचन संपवून लेखन सुरू करण्याआधी सीक(टेल()) ही ओळ घाला (टेल म्हणजे पॉइंटर सध्या कुठे आहे ते सांगणारे फंक्शन). दिसायला निरर्थक आहे, ‘जिथे आहेस तिथेच जा’. पण ती तिन्ही थरांना एका जागेवर आणते. बायनरी मोडमध्ये टेक्स्ट थरच नसतो, आणि बफरचा थर वाचनातून लेखनात जाताना स्वतःच हिशेब जुळवतो. सी भाषेत वाचन आणि लेखन यांच्यामध्ये एफसीक किंवा तसेच एखादे फंक्शन सक्तीचे असते. पायथन ३ मध्ये बायनरी फाइलीसाठी ते पाळावे लागत नाही, कारण त्याची फाइल यंत्रणा सीच्या एसटीडीआयओ या वाचन-लेखनाच्या लायब्ररीवर उभी नाही.

आता युनिकोडची एरर. टेक्स्ट मोडमध्ये रीड(३) म्हणजे ३ अक्षरे, नेमके बोलायचे तर ३ कोडपॉइंट. पण सीक(३) म्हणजे ३ बाइट. इंग्रजी मजकुरात दोन्ही आकडे सारखेच निघतात, म्हणून इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्याला हा फरक कधी बोचत नाही. देवनागरीत पहिल्याच दिवशी बोचतो. युटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो, हलन्त असो की ‘५’सारखा अंक, ३ बाइट घेते. ‘नमस्कार’ म्हणजे न, म, स, हलन्त, क, काना, र अशी ७ चिन्हे, २१ बाइट. रीड(३) केले तर ‘नमस’ हाती येते आणि टेल ९ सांगते. सीक(३) करून रीड(१) केले तर ‘म’ येतो, चौथे चिन्ह नव्हे. आणि सीक(१) केले तर तुम्ही ‘न’च्या पोटात उतरता: तिथला बाइट कुठल्याही अक्षराची सुरुवात नसतो, आणि पायथन ‘इनव्हॅलिड स्टार्ट बाइट’ म्हणून थांबतो. एरर आली तर नशीब समजा. चुकून ३च्या पटीत पडलात तर अर्धवट शब्द मुकाट्याने मिळतो, काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे.

म्हणूनच टेक्स्ट मोडमध्ये सीकला मोजक्याच गोष्टींची मुभा आहे: सीक(०), म्हणजे सुरुवात, सीक(०, २), म्हणजे शेवट, आणि आधी टेलने दिलेला आकडा जसाच्या तसा परत देणे. दुसरा आकडा कुठून मोजायचे ते सांगतो: ० म्हणजे सुरुवातीपासून, १ म्हणजे आहे त्या जागेपासून, २ म्हणजे शेवटापासून. सीक(-१०, २) टेक्स्ट मोडमध्ये लिहिलेत तर ‘अनसपोर्टेडऑपरेशन’ येते. तीच ओळ बायनरीत बिनतक्रार चालते. टेक्स्ट मोडच्या टेलच्या आकड्यात बेरीज-वजाबाकीही करू नये. बहुतेक वेळा तो बाइटांचा क्रमांकच असतो, पण तशी हमी नाही. डिकोडरची अवस्थाही त्याच संख्येत कोंबलेली असू शकते आणि मग टेल एकाएकी २० आकडी संख्या काढते. ते टोकन समजा: द्यायचे, परत घ्यायचे, आत बघायचे नाही.

आता मुख्य काम. फाइलीच्या मध्ये ‘घुसवणे’ असा प्रकार नसतो. जिथे पॉइंटर आहे तिथल्या बाइटांवर नवे बाइट चढतात, पुढचे जागचे हलत नाहीत. ‘वांगी 40’ ही ओळ मोजू: ‘वांगी’ची ५ चिन्हे, १५ बाइट, एक जागा सोडलेली, १, दोन रोमन अंक, २, आणि ओळ संपवणारा १. एकूण १९. ४०चे ४५ करायचे तर १६व्या बाइटावर जाऊन (मोजणी ०पासून) दोन बाइट लिहिले, काम झाले. ४०चे १०० करायला गेलात तर तिसरा अंक १८व्या बाइटावर, म्हणजे ओळ संपवणाऱ्या बाइटावरच बसतो, आणि फाइलीत दिसते ‘वांगी 100बटाटे 30’. ओळी चिकटण्याचे गूढ एवढेच. भाव देवनागरी अंकांत असता तर दर अंकाला ३ बाइट गेले असते, पण नियम तोच: जुने आणि नवे यांची लांबी बाइटांत सारखी असेल तरच जागेवर बदल करता येतो.

ती सारखी असेल तेव्हाची रीत: ‘आरबी+’ने उघडा. लूपमध्ये आधी टेलची नोंद घ्या, मग रीडलाइन करा. हवी ती ओळ सापडली की नवी ओळ बाइटांत तयार करा आणि दोन्हींची लेन (लांबी) तपासा. सारखी असेल तर नोंदवलेल्या जागी सीक करून राइट करा. नसेल तर तिथेच थांबून पुढे दिलेला मार्ग धरा. टेल रीडलाइनच्या आधी घ्यायची, नंतर नाही. नंतर घेतली तर ती पुढच्या ओळीची सुरुवात दाखवते आणि शेजारच्या निष्पाप ओळीवर घाव बसतो. नवी ओळ आखूड पडत असेल तर शेवटी रिकाम्या जागा भरून लांबी जुळवता येते. मात्र फाइल विंडोजवर बनलेली असेल तर ओळीच्या शेवटी दोन बाइट असतात, तेही मोजा.

लांबी बदलत असेल तर फाइल पुन्हा लिहायला पर्याय नाही. छोट्या फाइलीत लोक सगळे वाचतात, बदल करतात, सीक(०) करून लिहितात. यात ट्रंकेट (फाइल कापणे) विसरले की नवा मजकूर जुन्यापेक्षा लहान असल्यास जुन्याची शेपटी मागे उरते. जेसन फाइलीत हीच शेपटी पुढच्या वाचनाला ‘एक्स्ट्रा डेटा’ अशी एरर होऊन उभी राहते. क्रम असा हवा: सीक(०), राइट, ट्रंकेट(). कंसात काही न देता केलेले ट्रंकेट पॉइंटर आहे तिथे फाइल कापते. उलटा क्रम अधिक घातक. रीड केल्यानंतर ट्रंकेट(०) करून थेट लिहिले, तर फाइल रिकामी होते पण पॉइंटर जुन्या शेवटालाच उभा राहतो, कारण ट्रंकेट पॉइंटर हलवत नाही. मग लिहिलेला मजकूर तिथून सुरू होतो आणि मधली सगळी जागा शून्य बाइटांनी भरते. फाइल उघडल्यावर सुरुवातीला चौकोनी ठिपक्यांची रांग किंवा ‘^@’ची माळ दिसली तर हेच झाले आहे. (शेवटाच्या पलीकडे सीक करणे हा गुन्हा नाही. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिम मधल्या पोकळीला डिस्कवर जागाही देत नाहीत, आणि काही डाउनलोड करणारे प्रोग्राम याचा मुद्दाम फायदा घेतात.)

महत्त्वाच्या फाइलीसाठी मात्र जागेवर पुन्हा लिहिणे नकोच. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धी जुनी, अर्धी नवी फाइल उरते. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल उघडा, तिच्यात ओळीओळीने नवी प्रत लिहा, फ्लश करा (बफरमधले ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते), ओएस.एफसिंक करा (ते डिस्कवर उतरते), बंद करा, आणि ओएस.रिप्लेसने मूळ नावावर आणा. लिनक्स-मॅकवर हे नामांतर अखंड होते: वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाइल दिसते, नाहीतर पूर्ण नवी. ‘त्याच फोल्डरमध्ये’ हे शब्द उगाच नाहीत. तात्पुरती फाइल दुसऱ्या डिस्कवर असेल तर ‘क्रॉस-डिव्हाइस लिंक’ची एरर येते. टेम्पफाइल मॉड्यूलने बनवलेल्या फाइलीला फक्त मालकापुरती परवानगी असते, तेव्हा रिप्लेसपूर्वी शटिल.कॉपीमोडने मूळ फाइलीची परवानगी तिला देऊन घ्या; नाहीतर काल चालणारा वेबसर्व्हर आज फाइल वाचू शकत नाही आणि दोष भलत्याच गोष्टीला लागतो. विंडोजवर मूळ फाइल कोणी उघडून ठेवली असेल तर रिप्लेस परवानगी नाकारते.

मोडबद्दल दोनच गोष्टी. ‘डब्ल्यू+’मध्ये प्लस आहे म्हणून जुना मजकूर वाचता येईल असे समजू नका, ओपन झाल्या क्षणी फाइल शून्य होते. आणि ‘ए’ किंवा ‘ए+’ या शेवटी भर घालण्याच्या मोडमध्ये सीक वाचनापुरतेच असते. कुठेही सीक करा, दर लेखनाला ऑपरेटिंग सिस्टिम शेवटीच जाते. ‘ए+’ने उघडून लगेच रीड केले तर रिकामे येते, कारण पॉइंटर शेवटी असतो, आधी सीक(०) करावे.

एकच फाइल वारंवार, मधूनमधून बदलायची असेल तर ओळी सोडून ठराविक लांबीच्या नोंदी ठेवणे सोयीचे. स्ट्रक्ट मॉड्यूल त्यासाठीच आहे. समजा नोंदीत ४ बाइटांचा क्रमांक, ३० बाइटांचे गावाचे नाव, ८ बाइटांची दशांश संख्या आहे. फॉरमॅटच्या सुरुवातीला ‘<’ दिलेत तर नोंद ४२ बाइटांची. ‘<’ विसरलात तर नेहमीच्या ६४ बिटी मशीनवर ती ४८ची होते, कारण ८ बाइटांची संख्या ८च्या पटीतल्या पत्त्यावर यावी म्हणून मध्ये ६ बाइट भरले जातात. आकडा स्वतः लिहू नका, नोंदीची लांबी सांगणाऱ्या कॅल्कसाइझला विचारा. मग ०पासून मोजता १०००वी नोंद ४२००० या बाइटावर; फाइल दहा जीबीची असली तरी एका सीकमध्ये तिथे.

देवनागरी नावांसाठी इथे एक खाच आहे. ३० बाइट म्हणजे १०च चिन्हे. ‘कोल्हापूर’ ९ चिन्हांत, २७ बाइटांत बसते. ‘छत्रपती संभाजीनगर’ला ४९ लागतात, आणि स्ट्रक्ट.पॅक जादा भाग न विचारता कापतो. इथे काप ‘भ’च्या तीन बाइटांपैकी दोन ठेवून पडतो, आणि लिहिताना नाही तर वाचताना डिकोड कोसळते. पॅक करण्याआधी बाइट मोजून स्वतः कापा: कापाच्या जागेचा बाइट १२८ ते १९१ यांमध्ये असेल तर तो अक्षराच्या मधला, तसा नसेल तिथपर्यंत एकेक बाइट मागे या. फार तर दोनदा मागे यावे लागते. जोडाक्षर तुटू नये असे वाटत असेल तर आणखी काळजी हवी, ‘क्षि’ एकट्यातच ४ चिन्हे आहेत. पण निदान फाइल वाचता तरी येईल.

लांबी बदलती असेल आणि फाइल फक्त वाचायची असेल, तर ओळींच्या सुरुवातीची सूची एकदाच करून ठेवा. इथे नेहमीची अडचण म्हणजे टेक्स्ट मोडमध्ये फॉर लूप चालू असताना टेल मागितली की ‘टेलिंग पोझिशन डिसेबल्ड बाय नेक्स्ट कॉल’ अशी ओएसएरर. बायनरीत ही बंदी नाही, पण टेलचीही गरज नाही: फॉर लूपमध्ये लेन(ओळ) जोडत जा, तीच पुढच्या ओळीची जागा. टेक्स्ट मोडमध्ये ही बेरीज करू नका. तिथे लेन चिन्हे मोजते आणि विंडोजचे दोन बाइटही एकच धरते. जागा साध्या लिस्टमध्ये न ठेवता अ‍ॅरे मॉड्यूलच्या ८ बाइटी अ‍ॅरेत ठेवल्या तर एक कोटी ओळींची सूची ८० एमबीत मावते. लिस्टमध्ये तिला चौपटीहून अधिक जागा लागते.

शेवटच्या काही ओळी हव्या असतील तर सगळी फाइल वाचण्याचे कारण नाही. सीक(०, २)ने लांबी मिळवा (सीक नवी जागा परतही देते, वेगळी टेल नको), तिथून ६४ केबी मागे जा, तुकडा वाचा, त्यातले १० क्रमांकाचे, म्हणजे ओळ संपवणारे, बाइट मोजा, पुरेसे नसतील तर आणखी मागे. शेवटापासून मागे जाताना फाइल तुकड्यापेक्षा लहान निघाली तर उणा पत्ता होतो आणि एरर येते. मॅक्स(०, …) लावून ठेवा. युटीएफ-८मध्ये १० क्रमांकाचा बाइट दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या आत येत नाही, म्हणून बाइटांवरच ओळी तोडणे निर्धोक. युटीएफ-१६मध्ये तसे नाही: तिथे उदाहरणार्थ ‘ऊ’ या अक्षराच्या आतच तो बाइट आहे, आणि ‘ऊस’ लिहिला की ओळ मध्येच तुटते.

वाढत्या लॉगवर लक्ष ठेवणारा कोड यावरच उभा असतो: मागची जागा जपून ठेवायची, पुढच्या वेळी तिथे सीक करून नवे तेवढे वाचायचे. दोन फसवे प्रसंग आहेत. एक, तुम्ही वाचता त्या क्षणी दुसरा प्रोग्राम अर्धीच ओळ लिहून झालेला असतो. म्हणून वाचलेल्या तुकड्यात शेवटचा १० क्रमांकाचा बाइट आरफाइंडने शोधा, तिथपर्यंतच प्रक्रिया करा आणि जपायची जागाही तेवढीच पुढे न्या. दोन, रात्री लॉग बदलला जातो, म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून त्याच नावाची नवी सुरू होते. फाइलीची लांबी जपलेल्या जागेपेक्षा कमी भरली तर ०पासून सुरू करा. पण नवी फाइल झटपट मोठी झाली तर लांबीवरून कळणार नाही, म्हणून ओएस.स्टॅटमधला आयनोड क्रमांकही (फाइल सिस्टिममधली फाइलीची ओळख) जपा.

सीक सगळीकडे चालत नाही. पाइप आणि सॉकेट मागे फिरत नाहीत, तिथे ‘अनसपोर्टेडऑपरेशन’ येते, नाहीतर ‘इल्लीगल सीक’ ही २९ क्रमांकाची एरर. आधी सीकेबल() विचारा. जीझिप फाइलीत सीक चालते असे दिसते, पण मागे जायचे म्हणजे सुरुवातीपासून पुन्हा उलगडत येणे; लूपमध्ये हे केले तर प्रोग्राम अडकल्यासारखा वाटतो. बाइट्सआयओत, म्हणजे मेमरीतल्या फाइलीत, लिहून लगेच दुसऱ्या लायब्ररीला दिले आणि शून्य बाइटांची फाइल अपलोड झाली, तर मध्ये सीक(०) राहिलेय.

आणि एकाच उघड्या फाइलीवर दोन थ्रेड काम करत असतील, तर पॉइंटर दोघांचा मिळून एकच असतो. एकाने सीक केले आणि रीड करण्याआधी दुसऱ्याने त्याला भलतीकडे नेले, हे हजारात एकदा घडते आणि तपासायला बसल्यावर घडत नाही. लॉक लावा किंवा प्रत्येक थ्रेडला फाइल वेगळी उघडून द्या. लिनक्स-मॅकवर ओएस.पीरीड आणि ओएस.पीराइट आहेत: त्यांना जागा थेट सांगायची असते आणि ती पॉइंटरला हातच लावत नाहीत. मात्र ती पायथनच्या बफरला वळसा घालून जातात, तेव्हा त्याच फाइलवर साधे राइटही करत असाल तर आधी फ्लश करा.